न मोजलेली लेकरं

विजयमाला आठ-नऊ वर्षांची असेल, तेव्हाची गोष्ट. माहेरच्या घरी ज्वारीच्या कणगीमागे बसून ती चोरून गूळ खात होती, आणि पलीकडे चुलीपाशी तिची आजी अन् काकू भांडत होत्या. महिन्यापूर्वी खानेसुमारीचा मास्तर दाराशी येऊन गेला होता. भांडण त्याच्यावरून होतं.

"तुले कोनं सांगतलं होतं त्याले बोटं मोजून दाखवाले?" आजी म्हणाली.

"मास्तर विचारून राह्यला होता, आत्याबाई. घरात लेकरं किती. म्या सांगतलं, सात."

"सात म्हनली न? आता सांग किती."

काकूचं धाकटं लेकरू चार दिवसांमागेच गेलं होतं. मग एकदम ताटली आपटल्याचा आवाज झाला. "तापानं गेलं माहं लेकरू," काकू म्हणाली, "बोटानं नाई गेलं."

"तोंड वर करून बोलू नको. लेकरं मोजत नसतात, हे काय तुह्या मायनं शिकवलं नाई?"

गूळ विजयमालाच्या तोंडात तसाच राहिला. पुढं ती लग्न होऊन मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजाला आली, सासू-सासरे वारले, लेक-लेकी झाल्या, केस पांढरे झाले. शाळा दुसरीपर्यंतच, पण हिशेबाला पक्की. सोयाबीनची पोती, वेचणीच्या बाया, वाळवणातले पापड, सगळं तोंडी. लेकरं मात्र तिनं जन्मात मोजली नाहीत. कोणी विचारलं, बाई नातवंडं किती, तर म्हणायची, "हायेत नं, देवाच्या दयेनं घर भरलं हाये." विचारणाऱ्याला वाटायचं म्हातारी मिजाशीत आहे. मिजास कसली, भीती होती.

तीन वर्षांमागची दिवाळी. तिची लेक वैजयंती अमरावतीला दिलेली. तिच्या दुसऱ्या लेकराचं बारसं निघालं. लेक प्रज्वल सोयाबीन काढण्यात अडकला, तेव्हा सून मंजुषा आणि सासू, दोघींनीच एसटीनं जायचं ठरलं. बरोबर मंजुषाची लेकरं. मुन्ना आणि मनू ही साडेतीन वर्षांची जुळी, अन् कडेवर दहा महिन्यांची छकुली. विजयमालानं एकाच पिवळ्या ठाणातून तिघांना कपडे शिवून घेतले होते. एकाच कापडात असली की गर्दीत ओळखू येतील, असा तिचा विचार. विचार वाईट नव्हता. फक्त उलटा निघाला.

किन्हीराजाच्या फाट्यावर गाडी आली तीच भरून. सासूला पुढं ड्रायव्हरमागं एक सीट मिळाली, सून मागच्या बाकावर गेली. मुन्ना आजीपाशी, मनू आणि छकुली आईपाशी. शेलूबाजार गेलं, कारंजा आलं. कंडक्टर म्हणाला, दहा मिनिटं.

मंजुषा पोरींना घेऊन बाथरूमकडं गेली. विजयमाला मुन्नाचं बोट धरून नळावर गेली, बाटल्या भरायला. नळाला ही रांग. तेवढ्यात मंजुषा पोरींना घेऊन परत गाडीकडं जाताना दिसली.

"मी आईकडं जातो," मुन्ना म्हणाला.

"जाय. सरका आईपाशी जाय."

पोरगं पाच-सहा पावलं आईच्या दिशेनं पळालं. आजीनं पाहिलं. मग बाटली उतू गेली, मागची बाई करवादली, आणि आजीनं मान वळवली. एवढंच झालं.

ती गाडीत चढली तेव्हा गर्दी आणखी वाढलेली. सीटवर बसली आणि पहिलं काम काय केलं, तर पिशव्या मोजल्या. फराळाची एक, कपड्यांची एक, बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांची एक, दशम्यांचं गाठोडं एक. चार. बराबर. मागून माणसांच्या डोक्यांवरून मंजुषाचा आवाज आला, "आई, सगळे आले काय?"

विजयमालानं उठून मागं पाहिलं. खांद्याखांद्यांच्या फटीतून मंजुषाच्या मांडीपाशी पिवळं कापड दिसलं. पिवळं दिसलं म्हणजे लेकरं आहेत.

"आले," ती म्हणाली.

कंडक्टरनं डबल घंटी दिली.

कारंजा मागं पडून अर्धा तास झाला असेल. लेकरांना भूक लागली असेल म्हणून विजयमालानं गाठोडं सोडलं, दोन दशम्यांना गूळ-तूप लावून सुरळ्या केल्या आणि शेजारच्या माणसाच्या हाती दिल्या. "भाऊ, मागं पोचवा. त्या हिरव्या साडीवालीच्या लेकरांले." सुरळ्या हातोहात मागं गेल्या. एसटीत असं चालतंच, कोणी नाही म्हणत नाही.

थोड्या वेळानं एक सुरळी हातोहात परत आली.

"बाई म्हनते, मुन्नाची तुमच्यापाशीच ठेवा," शेजारचा म्हणाला.

विजयमालानं ती हातात घेतली. दशमी अजून मऊ होती. विजयमाला उठली. तोंडातून निघालं ते एवढंच, "मंजू, मुन्ना तुह्यापाशी नाई?"

मागून मंजुषाचा आवाज आला, अगदी हळू. "तुमच्यापाशी हाये न, आई?"

गाडी धनजला थांबवली. कंडक्टर बिचारा पांढरा पडला. "पाच वर्षांच्या आतल्याले तिकीट नसते, बाई. म्या तिकिटं मोजली, बराबर भरली." म्हणजे गाडीत तिकिटं मोजणारा होता, पिशव्या मोजणारी होती. मुन्ना दोघांच्याही मोजणीत नव्हता.

त्यानं कारंज्याच्या कंट्रोलला फोन लावला. तिकडून सांगितलं, भोंग्यावर पुकारतो, पण इथं तर कोणी लेकरू दिसत नाही.

उलट्या बाजूची गाडी तासाभरानं होती. सोयाबीनची पोती भरलेला एक टेम्पो कारंज्याच्या मार्केटला निघाला होता. ड्रायव्हर रामधन नावाचा. त्यानं काही न विचारता केबिनचं दार उघडलं. दोघी, दोन पोरी, चार पिशव्या, सगळं आत कोंबलं. रामधन एकदाच बोलला. "माहं लेकरूबी एवढंच हाये," आणि गाडी दामटली.

मंजुषा रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. छकुलीला छातीशी धरून ती समोरच्या काचेतून पाहत होती, आणि म्हणाली, "म्या विचारलं होतं, आई."

"विचारलं होतं तू."

"तुमी आले म्हनल्या."

"म्हनली मी."

मग मंजुषाचा फोन वाजला. प्रज्वलचा. पडद्यावर त्याचा हसरा फोटो येत होता अन् जात होता. दोघींनी पाहिलं, कोणी उचलला नाही. फोन बंद झाला, पुन्हा वाजला. मनू म्हणाली, "पप्पा." तिचं तोंड गुळानं माखलं होतं.

विजयमालाच्या डोळ्यांपुढं कारंज्याचा स्टँड दिसत होता. मागं सरकणाऱ्या गाड्या. गुडघ्याएवढं पोरगं ड्रायव्हरला आरशात कुठं दिसणार? आणि तिथल्या गाड्या सगळ्या लाल. मुन्नाला काय कळतं कोणती अमरावतीची. एखादी यवतमाळची, एखादी मानोऱ्याची. चढला असेल तर आता कुठल्या गावात असेल, कोणाच्या मांडीवर. तिनं नवस बोलायला देव आठवायला घेतले, तर एकाचंही नाव नीट आठवेना. रस्त्याच्या कडेला पिवळं काही दिसलं की तिचा हात दाराकडं जाई. एकदा पिवळं निघालं झेंडूचं शेत, एकदा कोणाचं वाळत घातलेलं लुगडं.

स्टँडवर उतरल्या तेव्हा भोंगा पुकारतच होता. पिवळ्या शर्टातला मुलगा, वय तीन, नाव मुन्ना, सापडल्यास कंट्रोल केबिनला आणून द्यावा. मंजुषा पोरींना घेऊन केबिनकडं धावली. विजयमाला गाड्यांकडं गेली. साठीची बाई, पदर खांद्यावरून सुटलेला, वाकून एकेका गाडीखाली पाहत होती. तिसऱ्या गाडीच्या चाकामागं पिवळं दिसलं. ती तिथंच खाली बसली. पुढं जाऊन पाहायची हिंमत झाली नाही. तिथल्या एका कंडक्टरनं ते पायानं सरकवलं तेव्हा कळलं, वेफरचं पाकीट होतं.

तिला वाटलं, हे असंच होणार होतं. आजी म्हणायची, मोजली की लेकरं जातात. न मोजताही जातात, हे आजीनं सांगितलं नव्हतं.

"कोनाले शोधून राह्यली?" मागून कोणी तरी विचारलं.

फाटकाजवळच्या भिंतीशी सीताफळाची टोपली घेऊन एक बाई बसली होती. हातभर बांगड्या, डोक्यावरून रंगीत ओढणी, वय विजयमालाएवढंच. सोजरबाई तिचं नाव, पोहरादेवीकडच्या तांड्यावरची. ते नंतर कळलं.

"लेकरू. माहा नातू."

"कपडे कोनते?"

"पिवळे. पिवळा शर्ट, बाई. पाह्यला काय तुमी?"

"पिवळे त भोंगाबी सांगून राह्यला," सोजरबाई म्हणाली. जागची हलली नाही. "मघा एक मानूस आला, तोबी म्हने पिवळा शर्ट, दे मी पोचवतो. चांगलाबी असन बिचारा, मले का मालूम. म्या म्हनलं, इथं कोनी नाई." मग तिनं विजयमालाकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. "घरून लेकरं किती घेऊन निघाली होती तू?"

विजयमालानं मान वळवून मंजुषा गेली त्या केबिनकडं पाहिलं.

"किती होते? भोंग्यानं हे सांगतलं नाई. ज्याचं हाये त्यालेच ठाऊक."

आकडा जिभेवर होता. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईला तेवढा येतोच. पण तो बाहेर काढायचा म्हणजे मंजुषाच्या कडेवरची छकुली, गुळानं माखलेली मनू, सगळ्यांना एका तोंडानं पणाला लावायचं. अन् नाही काढायचा, तर हा हातचा जातो. कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीला किती वेळ. तिला तो वेळ किन्हीराजाहून अमरावतीएवढा लांब वाटला.

"तीन," ती म्हणाली. "जुळे दोन, एक अंगावरची. तीन हायेत, बाई."

सोजरबाईनं टोपली बाजूला सारली आणि मागं पांघरलेली दुसरी ओढणी उचलली. भिंतीच्या सावलीत पोत्यावर मुन्ना झोपला होता. तोंडाला सीताफळ, मुठीत बिया, एक चप्पल नाही.

"त्यानंबी तीनच बोटं दाखवली," ती म्हणाली. "आई कुठी म्हनलं त रडला, मंग तीन सीताफळं खाल्ली, मंग झोपला."

"भोंगा ऐकून आफिसात नाई नेलं?" विजयमालानं विचारलं. विचारायचं काहीच नव्हतं, पण तोंडातून निघालं.

"भोंग्याच्या हाती लेकरू देऊ काय मी? ज्याचं हाये तो पदर सांडून येते, मले मालूम होतं."

विजयमालानं पोराला उचललं तेव्हा सोजरबाईनं खालून आधार दिला. मंजुषा केबिनकडून धावत आली. तिनं लेकाला ओढून घेतलं, त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, मग रडायला बसली. मुन्ना जागा होऊन सगळ्यांकडं पाहत राहिला. प्रज्वलचा फोन पुन्हा वाजला. या वेळी विजयमालानं उचलला आणि म्हणाली, "सगळे बराबर हाये, बाबू. गाडीत आवाज येत नाई." जन्मात लेकाशी ती एवढंच खोटं बोलली असेल.

बारशाला पोचल्या तेव्हा पाळणा हलवून झाला होता. वैजयंती रुसली. तिला खरं कोणी सांगितलं नाही.

पण भीती कारंज्याला उतरून राहिली नाही, ती बरोबर घरी आली. तीन म्हटलं होतं ना, आता काही तरी होणार, म्हणून विजयमालानं वर्षभर वाट पाहिली. छकुलीला गोवर निघाला तेव्हा आठ दिवस ती तिच्या उशाशी बसून होती. मनू ओट्यावरून पडली, कपाळाला खोक पडली, तेव्हा हिनं दोन दिवस अन्न घेतलं नाही. मंजुषानं विचारलं, तेव्हा कुठं कणगीमागची गोष्ट बाहेर निघाली. मंजुषा बारावी शिकलेली. हसली नाही. म्हणाली, "आई, त्या काकूच्या लेकराले दवाखाना कुठी होता?" विजयमालाला ते पटलं. पटलं, पण भीती काही पटण्यावर जात नसते. वर्ष सरलं, सगळी लेकरं धडधाकट, तरी दुपारी डोळा लागला की तिचा एक हात कोणा ना कोणा लेकरावर असायचा.

बारशाहून आल्यावर, पहिल्याच तुरीच्या हंगामापासून, तिनं एक काम लावून घेतलं. नवी तूर घरी आली की स्वतः जात्यावर भरडायची, पाखडायची, पांढऱ्या धोतराच्या फडक्यात दोन पायलीचं गाठोडं बांधायची आणि फाट्यावर जाऊन कारंज्याकडच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची. मिलमधली डाळ का नाही पाठवत, असं मंजुषानं विचारलं, तर म्हणे, "सोजरबाईले मिलची देऊ? तिनं काय माहा नातू मिलमधून काढून देल्ला?" तिकडून कधी सीताफळं येत, कधी नुसता निरोप, की पोरगं आता किती उंच झालं.

यंदा माघात तिची तब्येत बरी नव्हती. दम लागायचा. प्रज्वल म्हणाला, मी देतो गाठोडं, मोटारसायकलनं दोन मिनिटांचं काम. ऐकते कोण. सकाळी नऊच्या सुमाराला गाठोडं डोक्यावर घेऊन निघाली. वाटेत दोनदा थांबली, एकदा पाराशी, एकदा शाळेच्या भिंतीशी. फाट्यावर पोचली तेव्हा गाडी यायची होती. त्यानंतर तिच्याच्यानं फाट्यावर पुन्हा जाणं झालं नाही, पण त्या दिवशी कोणाला तसं वाटलं नाही, तिलाही नाही. ती आपली दगडावर बसली, पदरानं घाम पुसला, आणि आल्या-गेल्याला नव्या तुरीचा दाणा कसा भरला आहे ते सांगत राहिली.

गाडी आली. कंडक्टर नवा होता, तरणा.

"कारंज्याच्या स्टँडवर," ती म्हणाली, "फाटकाजवळ सोजरबाई बसते. हातभर बांगड्या. तिच्याच हाती द्यायचं, भाऊ. दुसऱ्या कोनी मांगतलं त देजो नोको."

"बराबर आजी."

"नाव काय सांगतलं म्या?"

"सोजरबाई."

"हां," ती म्हणाली, आणि गाठोडं वर दिलं.