गावाने ओळखलेला वंशवृक्ष

संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी नगरच्या एका संशोधन प्रकल्पात सहायक म्हणून लागले. सोनईच्या आसपासच्या काही घरांत पिढ्यानपिढ्या माणसांची नजर जात होती. आधी दिवस मावळला की दिसेनासं व्हायचं, मग भरदुपारीही. दृष्टी गेलेल्या सगळ्यांच्या जनुकांत नेमका कोणता तुकडा सारखा आहे, हे संगणकावर शोधणं माझं काम.

रक्ताचे नमुने आणायला मी जायची गरज नव्हती. पण मी देवळाली प्रवऱ्याची, माझं बोलणं त्या लोकांना जवळचं वाटेल, म्हणून प्रकल्पप्रमुख सरांनी मला डॉक्टरांबरोबर पाठवलं. तिथे वरच्या वस्तीवर एक बाई भेटल्या. भुईमुगाच्या शेंगा फोडत त्यांनी आपल्या घराण्याच्या चार पिढ्या मला सांगितल्या. कोण कुणाला दिली, कुणाची नजर गेली, सगळं. शेजारच्या मळ्यात राहणारा त्यांचा भाऊ पूर्ण आंधळा झाला होता. त्याच्या मुलाला आपली मुलगी द्यायची, असं घरात ठरलेलंच होतं. मुलगी सोनईच्या कॉलेजात शिकत होती. तिनेही हसत हात पुढे केला. रिपोर्ट कधी येईल असं बाईंनी विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, कळवू.

दोष सापडला. नळ्यांवर नावं नव्हती, आकडे होते. पण ते मीच चिकटवले होते, त्यामुळे प्रत्येक आकड्यामागे मला माणूस दिसायचा. मुलीत दोषाची एक प्रत होती. नजर जायला आई आणि बाप दोघांकडून मिळून दोन प्रती लागतात, त्यामुळे तिच्या डोळ्यांना काहीच होणार नव्हतं. आंधळ्या बापाकडून मामाच्या मुलातही एक प्रत आलेली होती. या दोघांचं लग्न झालं, तर त्यांच्या प्रत्येक मुलाची नजर जाण्याची शक्यता चारात एक.

मी सरांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "आपण संशोधन करतो, लग्नं जुळवत नाही." रक्त देताना लोकांनी संमतिपत्रावर सह्या केल्या होत्या, त्यात वैयक्तिक निष्कर्ष मिळणार नाही असं स्पष्ट होतं. मी नीतिसमितीकडे अर्ज केला. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं: निष्कर्ष देता येणार नाही, मात्र गावात जनजागृती करता येईल. मी विनंती केली की निदान जाणत्या समुपदेशकाने एकेका घरी बसून, दार लावून बोलावं. सरांनी होकारार्थी मान हलवली.

प्रत्यक्षात झाला तो समारंभ. समाजमंदिरात लाऊडस्पीकर, सरपंचांच्या हस्ते सरांना शाल आणि नारळ. मग पडद्यावर मी काढलेला वंशवृक्ष आला. मी तो शोधनिबंधासाठी काढला होता. पुरुषांचे चौकोन, बायकांची वर्तुळं. नजर गेलेले पूर्ण काळे, दोषाची एक प्रत असलेले अर्धे काळे. नावं गुप्त ठेवली आहेत, असं सर माईकवर सांगत होते.

मागच्या बाजूला एक म्हातारा हळूहळू मोजू लागला. तीन भाऊ, त्यातला एक निपुत्रिक, मधल्याच्या दोन बायका. मग तो शेजाऱ्याला म्हणाला, "ह्ये तर वरच्या वस्तीचं घर हाय." पुढचं इतरांनी जुळवलं. शेवटच्या ओळीतलं अर्धं काळं वर्तुळ कोणाचं, तेही कुणीतरी बोललं. सगळ्या माना बायका बसल्या होत्या तिकडे वळल्या. बाईंनी पदर तोंडावर ओढला. मुलगी मात्र पडद्याकडेच बघत राहिली. मी जाऊन प्रोजेक्टरची वायर उपटली. तांत्रिक अडचण आहे, असं सरांनी जाहीर केलं.

ठरलेलं लग्न मामानेच मोडलं. मोडायला हवंच होतं, पण असं नव्हे. त्याच्या मुलाला लवकरच कोल्हारकडची मुलगी मिळाली. बाईंच्या मुलीला स्थळं येईनाशी झाली. मी भेटायला गेले तेव्हा बाईंनी बस म्हटलं नाही.

"त्या पोराचंबी अर्धं काळंच हुतं ना?" त्या म्हणाल्या. "मंग त्याला कोनी का इचारलं न्हाई?"

मग म्हणाल्या, "खरं सांगितलं तुमी. पन आमाला सांगायचं हुतं ताई, गावाला न्हाई."

मुलगी मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. नात्याबाहेर लग्न केलं तर मुलांना धोका आहे का, असं तिने विचारलं. मी सांगितलं, जवळजवळ नाहीच. ती म्हणाली, "एवढं लिहून द्याल?"

मी सरांकडे गेले. संस्थेच्या कागदावर दोन ओळी मागितल्या. वैयक्तिक निष्कर्ष देता येत नाही, हेच त्यांनी पुन्हा ऐकवलं. तोपर्यंत तो वंशवृक्ष परदेशी नियतकालिकात छापून आला होता आणि सर त्यावर ठिकठिकाणी व्याख्यानं देत होते. मी कोऱ्या कागदावर लिहिलं, खाली सही केली आणि नोकरी सोडली.

नंतर मुलीचा फोन आला. नेवाशाहून पाहुणे आले होते. त्यांनी माझा कागद वाचला, उलटून पाठची बाजू पाहिली आणि यावर शिक्का कुठाय म्हणून विचारलं. चहा घेऊन ते निघून गेले.