वनमालावहिनींची फास्ट शेगडी

पद्मजाबाईंनी एका जागी बसून चहा प्यायलेला नाहूरच्या आमच्या इमारतीत कोणी पाहिला नव्हता. कप हातात घेऊन त्या घरभर फिरायच्या, मध्येच गॅलरीत जायच्या, नळ नीट बंद आहे का ते बघून यायच्या. मुलुंडच्या एका शाळेत त्या विज्ञान शिकवत. त्यांचे यजमान श्यामसुंदर बँकेत होते आणि स्वभावाने इतके थंड, की "अगं, बस ना जरा," यापलीकडे ते कधी काही बोलत नसत.

त्यांच्या शेजारच्या खोलीत वनमालावहिनी राहायच्या. गिरणीच्या संपात नवऱ्याची नोकरी सुटली तेव्हापासून वहिनी डबे करून घर चालवत होत्या. गॅससाठी नंबर लावलेला, तो लागत नव्हता. रॉकेलच्या रांगेत सकाळ जायची. म्हणून त्यांनी विजेची शेगडी आणली होती, खाचांत तारेची कॉइल बसवलेली आणि पेटली की लालभडक होणारी.

चौऱ्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर एके सकाळी वहिनी जिन्यात भेटल्या आणि खुशीत म्हणाल्या, "बाई, शेगडी एकदम झकास झालीय! कॉइल सारखी तुटते ना, मग मी जळकं टोक काढून टाकते आणि परत ताणून अडकवते. दर वेळेला आधीपेक्षा फास्ट!"

"वा," म्हणत पद्मजाबाई घाईने शाळेत गेल्या. त्या दिवशी नववीला ओहमचा नियम होता. त्यांनी फळ्यावर लिहिलं: व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध, व्होल्टला अँपिअरने गुणलं की शक्ती.

"तार आखूड केली तर रोधाचं काय होईल?"

"कमी होईल!" वर्ग ओरडला.

"आणि धारेचं?"

"वाढेल!"

पद्मजाबाई खडू धरून तशाच उभ्या राहिल्या. वहिनींची तार दर वेळी आखूड होत होती. शेगडी फास्ट झाली होती ती जास्त करंट ओढून, आणि तो करंट येत होता दिव्या-पंख्यासाठी लाकडी पट्टीवर ठोकलेल्या जुन्या वायरीतून.

शाळा सुटल्यावर त्या तडक वहिनींच्या दारात. "वहिनी, शेगडी बंद करा. वायर पेटेल."

वनमालावहिनींनी डाळ ढवळायचं थांबवलं नाही. "तुमच्याकडे गॅस आहे, बाई. मी बंद करून काय करू? लोकांना डब्यात कच्चे तांदूळ देऊ?"

"एकदा मोजू तरी द्या."

"मोजा ना, मी कुठे नाही म्हणते."

पण मोजायचं कशाने? शाळेतला अँमीटर बॅटरीवरच्या प्रयोगांचा, घरच्या एसी करंटला त्याचा काटा नुसता थरथरला असता. श्यामसुंदरांचा भाऊ शिवदास भांडुपच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता, त्याला रविवारी यायचा निरोप गेला. तोपर्यंत पद्मजाबाईंना चैन नव्हतं. वह्या तपासताना उठायच्या, मधल्या भिंतीला तळहात लावायच्या. आमटीला फोडणी दिली तरी त्यांना जळका वास यायचा.

"अगं, ती भिंत आहे, आजारी माणूस नाही," श्यामसुंदर म्हणाले.

"तुम्हाला काही वाटतच नाही का हो?" त्या एवढ्या जोरात म्हणाल्या, की ते पेपर ठेवून स्वतःच भिंतीला हात लावून आले.

रविवारी शिवदास आला. शेगडी पेटवून त्याने प्लगपाशी मीटर लावला. दोनशे वीस व्होल्ट. मग वायरीचे दोन पदर वेगळे करून त्यातल्या एकाभोवती चिमट्यासारखा टेस्टर अडकवला. काटा दहा अँपिअरवर थांबला.

"रोध बावीस ओहम," पद्मजाबाई पुटपुटल्या, "आणि शक्ती दोन हजार दोनशे वॅट. वहिनी, शेगडी घेतली तेव्हा किती वॅटची होती?"

"दीड हजाराची म्हणाला होता दुकानदार."

"आता ती बावीसशेची झालीय. आणि हा प्लग आहे पाच अँपिअरचा!"

"आकडे मला नका सांगू, बाई. माझा डबा वेळेवर जातो ना?"

पद्मजाबाईंनी पुढे बोलणं सोडलं. शिवदासला मेन बंद करायला लावलं, प्लग उपटला आणि वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी हात झटकन मागे घेतला. पिना चटका बसण्याइतक्या तापल्या होत्या आणि वायरीचं रबर पिनांपाशी चिकट झालं होतं. शिवदासने भिंतीवरचा सॉकेट उघडला. मागची लाकडी पट्टी वीतभर काळी पडली होती.

वहिनी पट्टीजवळ वाकून बघू लागल्या. "पोरं इथंच झोपतात," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "पण उद्याचे डबे?"

"माझ्या गॅसवर करा," पद्मजाबाई म्हणाल्या. "मी शाळेत असते, ओटा मोकळाच असतो. किल्ली ठेवा तुमच्याकडे."

शिवदासने विजेच्या मीटरपासून जाड वायर ओढून पंधरा अँपिअरचा प्लग बसवला, शेगडीत अखंड नवी कॉइल घातली. तोवर वहिनी शेजारच्या ओट्यावर डबे करत राहिल्या. श्यामसुंदरांना त्या आठवड्यात ऑफिसच्या डब्यात सुक्या बोंबलाची चटणी मिळाली आणि त्यांनी जन्मात पहिल्यांदा बायकोजवळ तक्रार केली, की वायरिंगचं काम फार लवकर संपलं.

पद्मजाबाईंचं मन मात्र थाऱ्यावर आलं नाही. इमारतीत आणखी किती जणांकडे अशा शेगड्या असतील, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. पुढच्याच रविवारी शिवदासचा टेस्टर पिशवीत घालून त्या दुसऱ्या मजल्यावर गेल्या. एका घरी चहा मिळाला. एका घरी, "आमचं काय ते आम्ही बघू," म्हणून दार लागलं. सेक्रेटरींनी जिन्यात गाठून सांगितलं, "बाई, उगाच घबराट पसरवू नका."

"बरं," म्हणत त्या तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्या चढू लागल्या.