चढावरचं वजन

माझं वजन एकशे चार किलो आहे आणि त्याचा उपयोग आजवर फक्त एका माणसाला झाला. ते म्हणजे माझे दाजी, ताईचे यजमान. त्यांचं गॅरेज आहे. एखादी गाडी रिकामी असताना शहाण्यासारखी चालते आणि माणसं भरून चढाला लागली की गचके खाते, असं कळलं की पाना हातात घेण्याआधी दाजी मला फोन करतात. "ये, बसायचंय." बस, एवढंच. त्यापेक्षा वाळूची पोती भरा, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "पोती उतरवायला माणूस लागतो. तू आपला आपण उतरतोस," ते म्हणाले.

अर्थात माझं वजन हे जोडीला. दाजींचं खरं भांडवल म्हणजे कान. इंजिनावरचं झाकण काढायचं, वाकायचं, डोळे मिटायचे आणि मिनिटभराने "ठीक आहे" नाहीतर "दुसरा प्लग" एवढंच बोलायचं. अठ्ठावीस वर्षं हेच. टॅक्सीवाले एकमेकांना "त्या ऐकणाऱ्याकडे ने" असंच सांगायचे. दाजींचं नाव त्यातल्या कुणाला माहीत असेल, असं मला वाटत नाही.

गेल्या वर्षी मीच त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. बारीक, टोकदार आवाज आता यांना येतच नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. खणखणीत आवाजात म्हणाले, म्हणून ते दाजींना ऐकू आलं. घरी येऊन त्यांनी रिपोर्ट गॅस्केटच्या खोक्यात तळाशी घातला आणि मला बजावलं, "ताईला नाही, आईला नाही, गिऱ्हाइकाला तर मुळीच नाही. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी शटर खाली." झाकली मूठ सव्वा लाखाची. माझं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला, तरी मी वर्षभर तोंड मिटून बसलो. याची नोंद कुणी घेतली नाही.

मग एका शनिवारी सकाळी शाळेची व्हॅन चालवणाऱ्या बाई आल्या. बारा मुलं बसली की शाळेच्या चढावर व्हॅन गचके खायची. गुरुवारी अर्ध्या चढावर बंदच पडली. "मुलांनी टाळ्या वाजवल्या," बाई म्हणाल्या, "मुख्याध्यापिकांनी नाही वाजवल्या." सोमवारी व्हॅन नीट चढली नाही तर शाळा दुसरी व्हॅन बघणार होती. आधीच्या गॅरेजने प्लग बदलले, फिल्टर बदलला, पेट्रोलचा पंप बदलला आणि बदलायला काही उरलं नाही तेव्हा बाईंनाच हळू चालवायला सांगितलं.

बारा मुलांच्या वजनासाठी मी, ताई, ताईच्या सासूबाई आणि ट्रकच्या चार जुन्या बॅटऱ्या, असे आम्ही व्हॅनमध्ये बसलो. सासूबाईंना पुढे बसायचं होतं. पण या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखालीच होतं, तेव्हा त्यांना मागे यावं लागलं. यात सुनेचा हात आहे, अशी त्यांची ठाम समजूत झाली.

गॅरेजमागच्या चढावर निम्मं गेल्यावर गचके सुरू झाले. दाजींनी खाली उतरून मागच्या चाकांमागे, चार बोटं जागा सोडून, दगड ठेवले. "आता ब्रेक सोडा," ते बाईंना म्हणाले. "क्लच अर्धा धरा. सगळा भार इंजिनाला घेऊ दे." मग दारातून वाकून त्यांनी बाईंच्या शेजारची सीट उचलली.

आणि मला ऐकू आलं. टिक. टिक-टिक. काचेवर नख मारावं तसं. टिक.

दाजी डोळे मिटून वाकले होते. "प्लग चांगले आहेत," ते थोड्या वेळाने म्हणाले. "पेट्रोलचंच काहीतरी आहे."

मी बोललो तर बाईंसमोर त्यांची अब्रू जाणार होती. नाही बोललो तर सोमवारी बारा मुलं पुन्हा टाळ्या वाजवणार होती. मी ताईकडे पाहिलं. ती आपली नखं बघत होती. सासूबाई व्हॅनचं छत बघत होत्या. त्या छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

"हे टिकटिक काय वाजतंय हो?" बाईंनी विचारलं.

दाजींनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे, मग स्वतःच्या आईकडे. "कुठली टिकटिक?" असं आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही, आणि त्यावरून त्यांना कळायचं ते कळलं. मला रडू येत होतं. दोन बॅटऱ्यांच्या मध्ये अडकल्यामुळे तोंड लपवता येईना.

बोटांची मागची बाजू दाजींनी प्लगच्या वायरींवरून हळूहळू फिरवत नेली. पहिली, दुसरी. तिसरीला कोपरापर्यंत झटका बसला आणि डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं.

"सापडली," ते म्हणाले.

क्लिपला घासून वायरला केसाएवढी चीर पडली होती. "रिकाम्या गाडीत ठिणगी सरळ प्लगपर्यंत जाते," दाजींनी बाईंना समजावलं. "भार आला, दाब वाढला, की तिला तिकडे जाणं जड पडतं. मग जवळच्या लोखंडावर उडी मारून मोकळी होते, तीच ती टिकटिक. तिकडे प्लग ठिणगीवाचून तसाच."

गॅरेजमध्ये नव्या वायरी बसवताना त्यांनी मान वर न करता ताईला विचारलं, "कधीपासून?"

"तुम्ही कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या सोडल्यात तेव्हापासून. दोन वर्षं झाली."

"मला तीन," सासूबाई म्हणाल्या. "हाकेला ओ देईना, तेव्हा आधी वाटलं, बायकोने शिकवलंय."

आम्ही पुन्हा तेवढ्याच वजनाने चढावर गेलो. पुन्हा दगड, पुन्हा अर्धा क्लच. दाजींनी सीट उचलली, वाकले, डोळे मिटले. मग डोळे उघडून आम्हाला विचारलं, "वाजतंय का?"

अठ्ठावीस वर्षांत हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. आम्हाला गप्प बसायची इतकी सवय झाली होती की क्षणभर कुणी बोलेचना.

"नाही वाजत," ताई म्हणाली.

सोमवारी व्हॅन चढली. बुधवारी बाईंच्या सांगण्यावरून एक टॅक्सीवाला आला. मी तिथेच होतो, वजन म्हणून. त्याने दाजींना विचारलं, "ऐकणारे ते तुम्हीच ना?"

बाईंनी त्याला काय काय सांगितलंय, याचा त्याच्या चेहऱ्यावरून अंदाज येत नव्हता. दाजींनी फडक्याला हात पुसले. दोनदा पुसले.

"ऐकते ती माझी बायको," ते म्हणाले. "मी दुरुस्त करतो."

आणि त्यांनी घराच्या दाराकडे तोंड करून ताईला हाक मारली. ती पहिल्याच हाकेला बाहेर आली.