वेल्गाबाईंच्या रिकाम्या नळ्या

आमच्या क्षयाच्या इस्पितळात वेल्गाबाईंइतकं कोरडं माणूस शोधून सापडलं नसतं. पेशंटच्या थुंकीतले जंतू वाढवायचे, ते कुठल्या औषधाने मरतात आणि कुठल्याला भीक घालत नाहीत ते बघायचं, हेच त्यांनी जन्मभर केलं. निकाल कागदावर पाठवून मोकळं व्हायचं सोडून त्या स्वतः वॉर्डात यायच्या, अंगात मेलेल्या नवऱ्याचा करडा स्वेटर, आणि खाटेशी उभ्या राहून म्हणायच्या, "काही उगवलं नाही." संपलं. 'बरी झालीस हो' असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही.

मी वॉर्डातली नर्स, माझं तोंड गप्प बसत नाही. एकदा म्हटलंच, "अहो, एखादा गोड शब्द बोललात तर जीभ झडेल का?"

"मिल्डा, नळी रिकामी आहे एवढंच मला दिसतं. माणसाच्या छातीत मी कुठे वाकून बघते?"

क्षयाच्या जंतूला वाढायला अंडं लागतं. अंडी फेटून, हिरवा रंग घालून, काचेच्या नळ्यांत तिरकी थिजवायची, त्यावर थुंकी पेरायची आणि आठवडेच्या आठवडे वाट बघायची. ही अंडी आणायची ऑस्ट्रा. काही वर्षांपूर्वी ती आमच्याच वॉर्डात मरायला टेकली होती. एकच औषध तिच्या जंतूंना पुरून उरेल, हे वेल्गाबाईंनी शोधून काढलं आणि ऑस्ट्रा उठून घरी गेली. तेव्हापासून गवत घातलेली टोपली मांडीवर घेऊन ती बसने यायची. दुसऱ्या कुणाची अंडी घेतलीत तर याद राखा, असा तिचा दम होता. वेल्गाबाईंची अट एकच, कोंबड्यांना औषध द्यायचं नाही.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे नवी औषधं आली, आणि वसंतापर्यंत नळीमागून नळी रिकामी निघायला लागली. मोठे डॉक्टर हवेतच होते. जुन्या औषधांना न जुमानणारे पेशंटसुद्धा साफ! त्यातलीच एक सार्मिते. वर्षाहून जास्त काळ ती पोरीला शिवली नव्हती. तिची मादारा तीन वर्षांची. रोज दुपारी आजीचा हात धरून आमच्या खिडकीखाली बर्फात उभी राहायची आणि टोपी काढून आईला वेण्या दाखवायची. आजी ओरडून पुन्हा टोपी घालायची, ही पुन्हा काढायची. सार्मितेची नळी लागोपाठ दोनदा रिकामी निघाली आणि ईस्टरला तिला घरी सोडलं. अख्खा वॉर्ड रडला, मीही रडले. वेल्गाबाई "काही उगवलं नाही" म्हणाल्या आणि कपाळाला आठ्या घालून निघून गेल्या.

मला राग आला. पण पाणी कुठेतरी मुरतंय, असं बाईंना वाटत होतं. ओयार्स नावाचा एक दारुडा होता. भिंगाखाली त्याच्या थुंकीत जंतूच जंतू, आणि नळी मात्र कोरी. मोठे डॉक्टर म्हणाले, "अहो, ती मढी आहेत. औषधाने मेलेली. मेलेले उगवतात होय?" म्हणणं बरोबरच होतं त्यांचं, तसं होतं कधीकधी.

आणि एक दिवस ओयार्सनेच वेल्गाबाईंना व्हरांड्यात गाठलं. मी औषधांचा ट्रे घेऊन मागेच होते.

"बाई, मला कधी सोडताय? माझीही नळी रिकामी ना?"

"गोळ्या घेतोस?"

"घेतो की. ही मिल्डा समोर उभी राहते, मग गालात धरतो आणि संडासात थुंकतो." आणि हसत सुटला. "मागच्या शिशिरापासून एक गोळी पोटात गेली नाही. तरी बघा, न खाताच बरा!"

त्या मेल्याच्या कानाखाली वाजवावी असं माझ्या हाताला फार वाटलं. वेल्गाबाई बाकावर बसल्या. औषध पोटात गेलंच नाही, तर जंतू मेले कशाने? घोडं कुठे पेंड खातंय ते त्यांना कळलं होतं. त्यांनी कपाटातला एक जुना जंतू काढला, हमखास उगवणारा, कधीच दगा न दिलेला, आणि तो आमच्या नळ्यांत पेरला. शेजारच्या शहरातून मागवलेल्या नळ्यांतही पेरला. काही आठवड्यांनी शहरातल्या नळ्या भरून आल्या. आमच्या कोऱ्या.

आम्ही दोघी ऑस्ट्राकडे गेलो. तिने चहा ठेवला, राईचा पाव कापला, बडीशेप घातलेली काकडी वाढली. वेल्गाबाईंनी कशाला हात लावला नाही.

"कोंबड्यांना औषध दिलंस?"

"छे, औषध कुठलं?" मग म्हणाली, "थेंब दिले. थंडीत शिंकायला लागल्या होत्या. पाण्यात चार थेंब, त्याला काय औषध म्हणतात?"

"किती दिवस?"

"बऱ्या दिसल्या की बंद. शिंकल्या की परत."

हे ऐकून मीच डोळे मिटले. बरं वाटलं म्हणून औषध सोडू नका, हे वेल्गाबाई याच ऑस्ट्राला हजारदा सांगून थकल्या होत्या. अर्धवट औषधानेच तर जंतू शेफारतात. आणि कोंबडीच्या पोटात गेलेलं अंड्यात उतरलं, अंड्यातलं नळीत, आणि तिथे पेरलेला जंतू उगवायच्या आधीच मेला.

"मरू कशा देऊ त्यांना?" ऑस्ट्रा रडायला लागली. "त्या मेल्या असत्या तर तुम्हाला अंडी कुठून आणली असती?"

"चूक तुझी नाही," वेल्गाबाई म्हणाल्या. "दर खेपेला एक ओळखीचा जंतू पेरून नळी तपासायची असते. तुझी अंडी म्हणून मी ते सोडून दिलं."

मोठे डॉक्टर म्हणाले, सार्मितेला नेहमीच्या तपासणीला म्हणून बोलवून घेऊ, गाजावाजा नको. वेल्गाबाईंनी ऐकलं नाही, मला घेऊन थेट तिच्या घरी गेल्या. सार्मिते अंगणात होती, पोर मांडीवर, दोघी एकाच चमच्याने स्ट्रॉबेऱ्या खात होत्या.

"सार्मिते, तुझ्या नळीत काही उगवणार नव्हतंच. नळीच वाया गेलेली होती. तुला परत यायला हवं."

सार्मितेने पोरीला मांडीवरून बाकावर ठेवलं आणि बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकली. पोर खेळ समजून तिच्याकडे सरकली. सार्मिते उठून कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. तेवढ्यात मादारा खोकली. मला तिथे उभं राहवेना.

सार्मिते परत आमच्या वॉर्डात आली. मादाराला लहान मुलांच्या इस्पितळात ठेवलं. लहान मुलांना थुंकी काढता येत नाही, म्हणून सकाळी उपाशीपोटी तिच्या पोटातलं पाणी नळी घालून काढलं आणि वेल्गाबाईंकडे पाठवलं. बाईंनी आता घरीच कोंबड्या पाळल्या होत्या. सार्मिते रोज मला विचारायची, काही कळलं का, आणि मी रोज खोट्या रागाने म्हणायची, "कळलं की सांगेन, जेव आधी."

पानं गळायला लागली तेव्हा वेल्गाबाई खाटेशी येऊन उभ्या राहिल्या, तोच स्वेटर.

"मादाराच्या नळीत काही उगवलं नाही."

सार्मितेने त्यांच्याकडे बघितलंही नाही. "माझ्याही नळीत नव्हतं उगवलं."

वेल्गाबाई म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर."

प्रयोगशाळेच्या काचेबाहेर त्यांनी तिला उभं केलं. आत खिडकीशी दोन नळ्या शेजारी शेजारी होत्या. एक हिरवी, कोरी. दुसरीवर पावाच्या चुऱ्यासारखे पिवळट दाणे दाटून आलेले.

"कोरी मादाराची," वेल्गाबाई म्हणाल्या. "लहान मुलांचा जंतू असूनही कधीकधी नळीत सापडत नाही, म्हणून डॉक्टर तिच्यावर नजर ठेवतील. पण या खेपेला नळी खोटं बोलत नाही."

"आणि भरलेली कुणाची?"

"तुझी. त्याच दिवशी, त्याच अंड्यांवर पेरली. इथे उगवलं, म्हणजे तिथे काही असतं तर उगवलं असतं."

सार्मितेला दोन्ही कळलं. मला दिसलं तसं. भरलेल्या नळीचा अर्थ आणखी एक हिवाळा, कदाचित दोन. तिने कपाळ काचेला टेकलं आणि किती तरी वेळ बघत राहिली.

"बरं झालं उगवली," ती म्हणाली.

वेल्गाबाईंनी स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं. सार्मिते परत जाऊन खाटेवर बसली, खिडकीकडे तोंड करून.