आप्पा खातूंची शिसारी

दत्तात्रेय खातू म्हणून विचारलं असतं तर रत्नागिरीत कोणी घर दाखवलं नसतं. शीशी आप्पा म्हटलं की मासळीबाजारातली बाईसुद्धा हात करून सांगे, "ते काय, विहिरीला लागून!" कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला हा माणूस सगळ्या जगावर नाक मुरडून बसलेला. टेबलावर कपाची ओली गोल खूण दिसली की शी. शेजारचा भुरका मारून कढी प्यायला की शी. एस.टी.त दांडीला धरायचं तर रुमाल गुंडाळून. लग्नाच्या पंगतीत कोणाच्या तरी मिशीला आमटी लागलेली बघून ते भरल्या पानावरून उठले होते, ती गोष्ट लोक अजून सांगत.

यात ढोंग नव्हतं. आप्पांच्या पोटात खरोखर ढवळायचं. घाण दिसली की जिभेच्या मुळाशी आंबट पाणी येई आणि अंगावर काटा उभा राही. लोकांना हे कसं होत नाही याचंच त्यांना नवल वाटे, आणि मग त्या लोकांचीही शिसारी येई.

सगळ्यात जास्त शिसारी येई ती बायकोच्या एका सवयीची. कुसुमताई मंडणगडकडच्या डोंगरातल्या. एखादं काम आटपलं की त्या क्षणभर थांबत, समोरच्या वस्तूवर तळवा ठेवत आणि पुटपुटत, "बरं झालं हो." पाणी काढून झालं की रहाटाला. भात उतरवला की चुलीच्या कडेला. गटार तुंबलेलं मोकळं झालं तर त्या बरबटलेल्या काठीला पण. पुन्हा पदर खोचून पुढच्या कामाला.

"अगो, तो रहाट कावळ्यांनी घाण केलेला," आप्पा ओरडत. "त्यावर हात ठेवलास आणि तोच हात भाकरीला?"

"धुते हो."

"आणि बरं झालं म्हणतेस ते कोणाला? रहाटाला कान आहेत?"

"कोणाला नाही," कुसुमताई म्हणत. "झालं ना काम? मग म्हणायचं. माहेरी पाण्याचा हंडा डोंगर चढून आणायचो. उतरवला की आई म्हणायची. तेवढाच जीव खाली बसतो."

आप्पांना हे उत्तरही ओंगळ वाटे. उपकार मानायचे तर देवाचे मानावेत, आंघोळ करून, स्वच्छ पाटावर बसून. काठ्यांचे आणि मडक्यांचे कसले मानायचे?

पंच्याऐंशी सालच्या श्रावणात आप्पा विहिरीच्या चिऱ्यांवर घसरले. शेवाळाची किळस म्हणून ते तिथे चवड्यांवर चालत, आणि चवड्यांवर चालले म्हणूनच पडले. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी पायाला वजनं लावून ठेवलं, मग घरी पाठवलं आणि सांगितलं, कूस बदलायला माणूस लागेल, उठायचं नाव काढू नका.

माजघरात खाट टाकली. बाहेर संततधार. कपडे वाळत नव्हते, भिंतींना ओल आलेली. त्या कुबट अंधारात आप्पा आपल्याच वासात पडून राहिले. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याचं मळकं फडकं चिमटीतसुद्धा धरलं नाही, त्याच्या खाली आता दिवसातून कितीदा भांडं सरकवायचं. कधी वेळेवर, कधी उशिरा. उशीर झाला की चादर, मेणकापड, सगळंच. पाठीला फोड आले, ते फुटले, त्यांना नासक्या फणसासारखा गोडसर वास सुटला. तो वास जाऊन जाऊन कुठे जाणार? आप्पा श्वास रोखून धरत, पण श्वास घ्यावा लागेच.

कुसुमताई सगळं करीत. पदर नाकाला लावीत नसत. आणि पुसून, धुऊन, पावडर लावून झालं की आप्पांच्या नडगीवर तळवा ठेवून म्हणत, "बरं झालं हो."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आप्पांना वाटलं, आपण गटारातली काठी झालो.

"हात काढ!" ते किंचाळले. "पुन्हा ते म्हणू नकोस. शी!"

"बरं," कुसुमताई म्हणाल्या आणि भांडं घेऊन मागीलदारी गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोंडातून निघालंच.

शेजारच्या यमुनाबाईंनी सुचवलं, हाताखाली एखादी बाई ठेवा. तुळसा म्हणून एक आहे, बाळंतिणीची, आजाऱ्याची कामं करते. आप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "परक्या बाईचा हात माझ्या अंगाला लागला तर मी अन्न सोडीन." कुसुमताई पुन्हा चादर पिळायला बसल्या. त्यांची बोटं साबणाच्या पाण्याने पांढरी पडून चिरलेली होती. आप्पांना ती दिसत, पण चिरलेल्या बोटांचीही त्यांना किळस येई.

गणपती झाले आणि कुसुमताई तापाने पडल्या. पडल्या त्या उठेचनात. यमुनाबाईंनी तार करवली तेव्हा मुंबईहून सून आली. मुलाला रजा नव्हती. हेमा दादरला वाढलेली, बँकेत नोकरी करणारी, बोलायला गोड. एस.टी.तून उतरली, सासूच्या कपाळाला हात लावून बघितला, साडी बदलली आणि आप्पांच्या खाटेपाशी आली.

"आप्पा, मी करते. तुम्ही संकोच करू नका."

पांघरूण दूर केलं आणि तिचा चेहरा बदलला. नाकपुड्या आकसल्या, वरचा ओठ दातांवरून मागे सरला, हनुवटी मानेत गेली. तिने तोंडाने श्वास घ्यायला सुरुवात केली. डोळे कौलांकडे. हात मात्र थांबले नाहीत. चाचपडत, नको तिथे लागत, तिने काम उरकलं, भांडं उचललं, आणि मागीलदारी पोचायच्या आतच तिला भडभडून ओकारी आली. आप्पांना तो आवाज स्पष्ट ऐकू आला.

तो चेहरा कोणाचा ते आप्पांना लगेच कळलं. आरशात तो कधी दिसला नव्हता, कारण आरशासमोर माणूस तसा चेहरा करीत नाही. पण तो त्यांचाच होता. कचेरीतल्या शिपायाने, पंगतीतल्या त्या आमटीवाल्याने, कुसुमने वर्षानुवर्षं तो समोरून बघितला होता. आप्पांना शिसारी आली. या खेपेला ती घाणीची नव्हती.

आणि या पोरीचे हात थांबले नव्हते. आपल्याला एवढी शिसारी आली असती तर आपण काम टाकून निघून गेलो असतो, जन्मभर तेच केलं. ती ओकली, पण भांडं खाली टाकलं नाही. बाहेर पाणी ओतल्याचा, खराटा फिरल्याचा आवाज आला. मग हेमा आत आली, पांढरीफटक, पदराने तोंड पुसत. खाली वाकून तिने त्यांची चादर ताणली.

आप्पांना काहीतरी बोलायचं होतं. आभार वगैरे शब्द त्यांनी फक्त कचेरीच्या निरोपसमारंभात ऐकले होते. घरातल्या माणसाला म्हणायचा एकच शब्द त्यांनी आयुष्यात ऐकला होता, तोच तोंडातून निघाला.

"बरं झालं."

हेमा ताठ उभी राहिली. "काय म्हणालात?"

"बरं झालं, म्हटलं."

"मला उलटी झाली ते बरं झालं?" तिचा आवाज चिरकला. "रात्रभर उभ्याने आले मी, आप्पा. सगळं मुकाट्याने केलं. एवढी तरी दया ठेवा!" आणि ती तिथेच, ओल्या जमिनीवर बसून रडायला लागली.

"टोमणा नाही गो तो," आप्पा घाईघाईने म्हणाले. "हेमा, तसं नाही. सासूला विचार तुझ्या. ती म्हणते तसं म्हटलं मी."

आतल्या खोलीतून तापाने जड झालेला कुसुमताईंचा आवाज आला, "अगो हेमा, खरंच म्हणतायत ते. म्हणायची सवय नाही त्यांना, म्हणून तसं वाटलं."

हेमाने रडतारडता आप्पांकडे बघितलं. मग हसावं की रागवावं ते न कळून नाक पुसलं. आप्पांना ते ओलं नाक पदराला पुसलेलं बघून शहारा आला. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि 'शी' गिळली. तेवढं त्यांना त्या दिवशी जमलं.

कुसुमताईंचा ताप उतरला, पण त्या काडीसारख्या झाल्या होत्या. भिंतीला धरून खाटेपर्यंत आल्या आणि सवयीने बादलीला हात घालू लागल्या, तेव्हा आप्पा म्हणाले, "ती तुळसा की कोण, तिला बोलाव."

"अन्न सोडणार होतात ना?"

"बोलाव म्हणतो ना. तू बस तिथे."

तुळसा दुसऱ्या दिवशी सकाळी आली. हेमा मुंबईला निघायच्या तयारीत होती, तिनेच तिला माजघरात आणलं. जाडजूड बाई, दातांना मिश्री, लुगड्याला चुलीचा आणि सुक्या बांगड्याचा वास. तिने आप्पांच्या काखेत हात घालून त्यांना असं उचललं की त्यांचं नाक तिच्या खांद्यात रुतलं. घामाचा, मिश्रीचा वास थेट घशात गेला. आप्पांनी पायाची बोटं आवळून धरली. आंबट पाणी तोंडात आलं, ते गिळलं. किळस कुठेही गेली नव्हती, होती तशीच, कदाचित थोडी जास्तच. पण पाठीखाली कोरडं कापड आलं, जखमेला वारा लागला आणि कित्येक दिवसांनी अंग हलकं झालं.

तुळसा बादली उचलून निघाली.

"बरं झालं हो," आप्पा तोंड वाकडं करून, डोळे घट्ट मिटून म्हणाले.

ती दारात थांबली. "काय म्हनलात? काय हवाय काय?"

"काही नाही," आप्पा म्हणाले. "ती खिडकी तेवढी उघड."