दही बंद

माझे सासरे आतड्याच्या कॅन्सरने गेले. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं, मुलांनी चाळिशीला दुर्बिणीने आतड्याची तपासणी करून घ्यायची. आमच्या ह्यांनी चाळिशीनंतरही तीन वर्षं ढकलली. खराडीच्या आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, दिवसभर अमेरिकेतल्या लोकांना शहाणपण शिकवणारा माणूस! पण तपासणीचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं, "अगं, मी रोज प्रोबायोटिक घेतो." म्हणजे ती चिमुकली गोड बाटली, आणि वर माझं वाटीभर दही. चांगले जंतू पोटात असले की कॅन्सर फिरकत नाही, असं कुठल्याशा ईमेलमध्ये वाचलेलं. पाठवणारा काय डॉक्टर होता?

शेवटी भांडून तारीख घेतली. आदल्या दिवशी जेवण बंद, फक्त पाण्यासारखं पातळ प्यायचं आणि पोट साफ व्हायचं औषध घ्यायचं, असं कागदावर स्वच्छ लिहिलं होतं. मी जरा मंडईत गेले, तेवढ्यात ह्यांनी दहीभात हाणला! दही पोटाला चांगलंच की, म्हणे. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेर आले. "आत भाताची शितंच शितं, बाकी काही दिसत नाही. पुन्हा या." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि हे घरी येऊन म्हणतात, "झाली की तपासणी."

माझं डोकंच फिरलं. त्या संध्याकाळी दूध तापवलं, पण विरजण लावलं नाही. राहिलेलं दही शेजारणीला देऊन टाकलं. "तपासणी होईपर्यंत या घरात दही नाही. आपण उपाशी राहिलात तरी चालेल." तीन पिढ्या दह्याशिवाय पानावरून न उठलेलं घर ते! पाचव्या दिवशी कोरडा भात चिवडता चिवडता ह्यांनी स्वतःच दवाखान्यात फोन लावला.

या वेळी आदल्या दिवशी मी रजा काढून ह्यांच्यासमोर ठाण मांडून बसले. दुसऱ्या दिवशी तपासणीत आतड्यात एक छोटी गाठ निघाली. डॉक्टरांनी तिथल्या तिथे काढून टाकली. आठवड्याने रिपोर्ट आला: कॅन्सर नाही, पण ती तशीच राहिली असती तर पुढे होऊ शकला असता. "दही खा, चांगलंच आहे," डॉक्टर म्हणाले, "पण ते आत जाऊन बघून येत नाही."

जिंकले मी! दवाखान्याच्या जिन्यात हसू आणि रडू एकदमच आलं. वाटलं, आता हे काहीतरी तिरकस बोलणार. पण ह्यांनी तिथेच कात्रजला धाकट्या भावाला फोन लावला.

"तुझ्या तपासणीची तारीख घेतोय," हे म्हणाले. "बाबा गेले तेवढं पुरे."