परतूरच्या अभ्यासकेंद्राची शेवटची तुकडी

मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र परतूरला आमच्या शाळेत आलं, तेव्हा मी तिथे मराठी शिकवत होतो. रविवार द्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं, म्हणून संयोजक मी झालो. दोन वर्ग आणि पुस्तकांचं एक कपाट, एवढंच केंद्र. पहिल्या रविवारी दारात माझ्याहून वयाने मोठे एक एसटी कंडक्टर उभे राहिले. "बसू का सर?" म्हणाले. मी उठूनच उभा राहिलो.

मग मोंढ्यातले हमाल आले, दवाखान्यातली आया आली, लग्नामुळे शाळा सुटलेली एका मारवाडी घरातली सून आली. बाक नववीच्या पोरांचे, त्यात या माणसांचे गुडघे मावायचे नाहीत. काही वर्षं तर व्हरांड्यातही सतरंजी टाकावी लागली.

पुढे प्रवेश मोबाइलवर गेले. ज्यांना अर्ज हातानं भरायचीच धास्ती, ते हळूहळू यायचे बंद झाले. संख्या घसरली आणि एके दिवशी पत्र आलं : ही तुकडी शेवटची, पुढच्या विद्यार्थ्यांनी जालन्याचं केंद्र घ्यावं.

त्या तुकडीत एक अंगणवाडी मदतनीस होती. चाळिशीची, नवरा वारलेला, पदवीच्या शेवटच्या वर्षाला. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची आणि रविवारी पहिल्या गाडीनं वर्गात हजर. तिच्या गावात सेविकेची जागा निघणार होती. पदवी असली की निवडीत जादा गुण मिळत. "सर, ही एक जागा मिळाली ना, मंग मला कुणाच्या हाताखाली राहायचं काम न्हाई," ती म्हणायची.

केंद्र बंद होण्याआधी गृहपाठाचे गुण संगणकावर भरायचे होते. त्या तुकडीत तिच्याच नावा-आडनावाची दुसरी एक बाई होती. फरक फक्त मधल्या नावाचा. नेट सारखं जात होतं, मुदत संपत आली होती. मी त्या दुसरीचेच गुण दोनदा भरले. हिची जागा कोरी राहिली आणि माझ्या लक्षातही आलं नाही.

निकालाच्या दिवशी ती घरी आली. मोबाइल माझ्यापुढे धरला. गृहपाठासमोर 'गैरहजर'.

"सर, मी तर सगळे गृहपाठ दिल्ते. तुमच्याच हातात दिल्ते."

मी यादी काढून बघितली, तर त्या दुसरीचेच गुण दोनदा भरलेले. तोंडातून निघालं, "संगणकाची चूक दिसते, ताई. दुरुस्त होईल."

सेविकेच्या जागेच्या अर्जाला आठवडा उरला होता. मी तिच्या गृहपाठाच्या वह्या पिशवीत घालून विभागीय कार्यालय गाठलं. तिथला लिपिक भला माणूस होता, पण म्हणाला, "केंद्र बंद झालं ना तुमचं? मंग लॉगिनबी बंद. अर्ज ठेवून जा, वर पाठवतो." दोन दिवसांनी मी पुन्हा गेलो. तिसऱ्या वेळी तीही आली. माझं आत चाललं होतं तोवर ती जिन्याजवळ पदर आवळून बसली होती. मी साहेबांपुढे अक्षरशः हात जोडले, चूक माझी आहे असं लिहून दिलं. साहेब म्हणाले, समिती बसल्याशिवाय काही होत नाही.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "काय म्हणले?"

"होईल," मी म्हणालो. आत लिहून दिलेलं तिला सांगायची हिंमत झाली नाही. परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत राहिली, मी पायातल्या चपलांकडे.

मुदत गेली. तिने गुणपत्रकाशिवाय अर्ज दिला. जागा गावातल्याच दुसऱ्या एका मुलीला मिळाली.

दुरुस्त गुणपत्रक पावसाळा सरल्यावर आलं, माझ्या पत्त्यावर. ते घेऊन मी तिच्या गावी गेलो. ती अंगणवाडीच्या मागे पातेल्यात उलथनं फिरवत होती. पदराला हात पुसून तिने कागद घेतला आणि ओळ न् ओळ वाचला. पास झाली होती, तेही चांगल्या गुणांनी.

"ताई, ती चूक संगणकाची नव्हती," मी म्हणालो. "माझी होती." आणि सगळं सांगितलं.

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"मंग तवाच का न्हाई सांगितलं? इतके महिने मी सवताला दोष देऊन राह्यले. वाटलं, मीच वहीवर कुठंतरी नंबर चुकवला. पोरीला म्हणलं, तुझ्या आईला शिकणं जमलं न्हाई."

माफी मागितली, तर माझाच आवाज मला परका वाटला. आतून नव्या सेविकेने हाक मारली, पोरं जेवायला बसली होती. तिने गुणपत्रक घडी न घालता फळीवर ठेवलं, उडू नये म्हणून वर डब्याचं झाकण ठेवलं.

"बसा सर. पोरांचं झाल्यावर बोलू."

मी पायरीवर बसलो. आत वाढणं चाललं होतं, ताटल्या वाजत होत्या. पोरं जेवून घरी गेली. तिने भांडी घासली, मग ओटा धुवायला घेतला, पण ती माझ्याकडे काही आली नाही. शेवटची गाडी चुकेल म्हणून मी उठलो. "येतो ताई," म्हणालो. पाण्याच्या आवाजात तिला ते ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही.